शिलेदार की बारगीर? मध्ययुगीन नाइटचा मुखवटा चढवणारे व्यावसायिक कुस्तीगीर

धागाकर्ता : तालीमखाना

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यात मेक्सिको सिटीतल्या आरेना मेहिको या सभागृहात एका नाइटने एका ड्रॅगनला हरवले. नाइटचे नाव टेम्प्लारिओ, म्हणजे 'टेम्पलर', आणि ड्रॅगनचे नाव द्रागोन रोहो ज्युनिअर, म्हणजे 'धाकटा लाल ड्रॅगन'. दोघेही मुखवटाधारी व्यावसायिक कुस्तीगीर होते आणि पैज अशी होती की जो हरेल त्याने सगळ्यांदेखत मुखवटा उतरवून आपले खरे नाव सांगायचे. ड्रॅगन हरला, त्याने मुखवटा उतरवला आणि नाव सांगितले. भाल्याने ड्रॅगनला भोसकणाऱ्या संत जॉर्जची चित्रे युरोपातल्या कितीतरी चर्चमध्ये आहेत. ते शेकडो वर्षे जुने चित्र इथे दोन माणसांच्या घामाने पुन्हा रंगवले गेले, असे मला ती लढत पाहताना वाटले आणि तेव्हापासून हा धागा मनात होता.

कामानिमित्त मी दोन वर्षे मेक्सिको सिटीत राहिलो. दोक्तोरेस नावाच्या वस्तीत हे सभागृह आहे. ते १९५६ साली उघडले आणि त्यात सुमारे साडेसोळा हजार माणसे बसतात. ते चालवणारी संस्था त्याहूनही जुनी आहे : साल्व्हादोर लुतेरोत यांनी १९३३ च्या सप्टेंबरात ती स्थापन केली आणि जगातली सर्वांत जुनी, आजही चालू असलेली व्यावसायिक कुस्तीची संस्था म्हणून ती ओळखली जाते. तिचा वर्धापनदिन दर सप्टेंबरात साजरा होतो आणि वर्षातली सर्वांत मोठी पैजेची लढत त्या रात्री ठेवली जाते. शुक्रवारी संध्याकाळी सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर मुखवट्यांची दुकाने लागतात, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे आपल्या आवडत्या मल्लाचा मुखवटा घालून आत जातात, आणि त्या गर्दीत टेम्प्लारिओचा क्रूसाच्या खुणेचा मुखवटा मी अनेकदा पाहिला आहे.

मेक्सिकोतल्या या कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात. तिच्यात नियमाने खेळणारा तो 'टेक्निको' आणि नियम धाब्यावर बसवणारा तो 'रूडो', अशी विभागणी असते. बहुतेक लढती तीनपैकी दोन फेऱ्यांच्या असतात. लढत चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा खेचून काढला तर काढणारा तिथेच बाद होतो, कारण मुखवटा हा त्या माणसाचा चेहरा मानला जातो आणि तो चोरून घ्यायचा नसतो, तो पैजेत जिंकायचा असतो. टेम्प्लारिओ अंगाने भरलेला आहे, पण तसल्या अंगानिशी तो दोरांवरून बाहेर झेप घेतो तेव्हा चिलखत घातलेला माणूस उडताना पाहिल्यासारखे वाटते.

आता याच्या अगदी उलट उदाहरण सांगतो. २४ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन गार्डनमध्ये 'सर्व्हायव्हर सीरीज' या कार्यक्रमात ब्रेट, ओवेन, ब्रूस आणि कीथ या चार हार्ट भावांसमोर शॉन मायकल्स आणि त्याचे तीन नाइट उभे राहिले : एक काळा, एक तांबडा, एक निळा. हे नाइट मुळात मायकल्सचे नव्हतेच. मुकुट घालून स्वतःला राजा म्हणवणाऱ्या जेरी लॉलरने त्या उन्हाळ्यात हार्ट बंधूंच्या आईवडिलांचा सतत पाणउतारा केला होता, त्या राजाचे हे सरदार असायचे होते. लॉलर त्या लढतीला उभा राहू शकला नाही, त्याच्या जागी मायकल्स आला, आणि राजाच नसल्यामुळे त्या तिघा नाइटना तिथे असण्याचे काही कारण उरले नाही. ते कोणाची शपथ घेऊन आले होते, हरल्यावर त्यांचे काय जाणार होते, मुखवट्यामागचा माणूस आपण ओळखला तर काय बदलणार होते, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या लढतीत उत्तर नव्हते. एकामागून एक ते बाद झाले आणि प्रेक्षकांनी त्यांचा विचार केला नाही.

आपल्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन लष्करात येतो तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. माझे म्हणणे असे की टेम्प्लारिओ हा शिलेदार आहे, कारण त्याने आपला मुखवटा, म्हणजे आपले सर्वस्व, स्वतः पणाला लावले. बॉस्टनचे तिघे बारगीर होते, कारण त्यांना मुखवटे एका रात्रीपुरते कोठीतून मिळाले होते. नाइटची भूमिका कुस्तीत केव्हा उभी राहते आणि केव्हा पडते, याविषयी इथल्या जाणकारांची मते वाचायला आवडतील.

---

रानवाट

तालीमखाना, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही मनापासून शंका मांडतो. माझे आजोबा कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या पाहायला जात. निकाली कुस्ती म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून ऐकले : मल्लाची पाठ मातीला लागते की नाही हे त्या क्षणापर्यंत कोणालाही ठाऊक नसते, आणि म्हणूनच हजारो माणसे श्वास रोखून बसतात. तुमच्या या लढतींचा निकाल आधी ठरलेला असतो. ज्याला आपण हरणार हे ठाऊक आहे त्याने 'सर्वस्व पणाला लावले' असे कसे म्हणता येईल? नाइटच्या शौर्याची कल्पना तर यापेक्षा फार कठोर होती. मला टेम्प्लारिओच्या कसरतीबद्दल आदर आहे, पण 'मान' हा शब्द इथे वापरावा की नाही, याबद्दल मी साशंक आहे.

---

तालीमखाना

रानवाट, शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. निकाल ठरलेला असतो हे मी मान्य करतो. परंतु पैजेच्या लढतीत जे जाते ते खरोखर जाते. मुखवटा हरलेला माणूस पुढच्या आठवड्यात तोच मुखवटा घालून परत येऊ शकत नाही. आपले नाव, आपले गाव आणि आपण किती वर्षे कुस्ती खेळतो आहोत हे त्याला रिंगणातच सांगावे लागते, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचा चेहरा छापून येतो, आणि तिथून पुढचे सगळे आयुष्य त्याला उघड्या तोंडाने काढावे लागते. काही मल्ल त्यानंतर उलट मोठे झाले, काहींच्या मागे उभे राहणारे लोक विरले. या गोष्टीचा करार आधी झाला असला, तिचे पैसे मिळाले असले, तरी ती घडली नाही असे होत नाही. लग्न ठरवून केले म्हणून ते खोटे ठरत नाही.

या पैजांचा आरंभही पाहण्यासारखा आहे. १९४० साली एल मुर्सिएलागो, म्हणजे 'वटवाघूळ', या मुखवटाधारी मल्लाची ऑक्ताव्हिओ गाओनाशी लढत ठरली. गाओना त्याच्यापेक्षा बराच वजनदार होता. इतक्या जड माणसाशी लढायचे तर त्यानेही काहीतरी लावले पाहिजे, असे म्हणून मुर्सिएलागोने त्याच्या डोक्यावरचे केस मागितले आणि स्वतःचा मुखवटा लावला. गाओना जिंकला, मुर्सिएलागोचा मुखवटा उतरला, आणि तेव्हापासून 'लुचा दे आपुएस्तास', म्हणजे पैजेची कुस्ती, ही लुचा लिब्रेतली सर्वांत मोठी गोष्ट झाली. अजिंक्यपदाच्या पट्ट्यापेक्षाही मोठी.

१७ मार्च २००० रोजी याच सभागृहात आत्लांतिस आणि व्हियानो तिसरा यांची मुखवट्यांची लढत झाली. व्हियानो तिसरा हरला. त्याने मुखवटा उतरवला तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे त्याला रूडो म्हणून शिव्या घातल्या होत्या त्याच लोकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली. आपल्या आजोबांना खासबागेत हरलेल्या मल्लाला फेटा बांधताना पाहिल्याचे आठवत असेल, तर हे दृश्य त्यांना परके वाटले नसते असे मला वाटते.

---

इतिहासवेडी

शिलेदार आणि बारगीर ही तुलना वाचून फार आनंद झाला, पण तिच्यात एक पेच आहे आणि तो सोडवल्याशिवाय मला राहवत नाही.

टेम्प्लारिओने ज्यांचे नाव घेतले ते टेम्पलर नाइट, म्हणजे धर्माची शपथ घेतलेले मध्ययुगीन ख्रिस्ती योद्धे, अक्षरशः बारगीर होते. १११९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये यूग द पायाँ आणि त्याच्या सोबत्यांनी ही संघटना उभी केली आणि ११२९ मध्ये फ्रान्समधल्या त्र्वा येथील धर्मसभेने तिला नियमावली दिली. त्या नियमांप्रमाणे टेम्पलर नाइटने दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची शपथ घ्यायची असे. प्रत्येक नाइटला तीन घोडे आणि एक सेवक मिळे, पण ते घोडे त्याचे नसत, संघटनेचे असत. त्याचा पांढरा अंगरखासुद्धा त्याचा नसे. शिवाय शिवछत्रपतींच्या लष्करात पागेचा मान शिलेदारांपेक्षा वर होता आणि पागेतला बारगीर जास्त शिस्तीचा मानला जाई. तेव्हा 'बारगीर' या शब्दात कमीपणा आहे असे समजू नये.

त्यांच्या अंगरख्यावरचा लाल क्रूस पुढे, ११४७ च्या सुमारास, पोप तिसरा युजीनियस याच्या काळात आला. त्यांची मुद्रा तर प्रसिद्धच आहे : एकाच घोड्यावर बसलेले दोन नाइट. शेवट फार वाईट झाला. शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने देशभरातल्या टेम्पलरांना एकाच दिवशी पकडले, १३१२ मध्ये पोपने संघटना मोडली आणि १३१४ च्या मार्चमध्ये तिचा शेवटचा प्रमुख जाक द मोले याला पॅरिसमध्ये जिवंत जाळले. ज्या कुस्तीगिराने ही भूमिका निवडली त्याने विजयी सरदाराची नव्हे, तर राजाने दगा दिलेल्या सरदाराची भूमिका निवडली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

या क्रूसाचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे, तोही सांगते. पोर्तुगालमध्ये टेम्पलरांची मालमत्ता १३१९ मध्ये स्थापन झालेल्या 'ख्रिस्ताच्या संघा'कडे गेली. याच संघाचा लाल क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर असे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले, तेव्हा टेम्पलरांचा वारसा सांगणारी ती खूण मांडवीच्या पाण्यापर्यंत पोहोचली. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या आवारात माझे बालपण गेले, म्हणून मेक्सिकोच्या मुखवट्यावरचा क्रूस पाहताना मला तो निव्वळ शोभेचा वाटत नाही. त्या खुणेच्या मागे आलेल्या सत्तेने गोव्यात जे केले तेही मला विसरता येत नाही.

---

तालीमखाना

इतिहासवेडी, आपण माझी तुलना उलटी केलीत आणि ती उलटी केल्यावरच जास्त खरी झाली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. घोडा कोणाचा हा प्रश्न नव्हताच. ज्या पागेतून घोडा आला ती पागा तुमच्यामागे उभी आहे का, हा प्रश्न होता. बॉस्टनच्या तिघांना पागाही नव्हती.

---

मेणवली घाट

मेक्सिकोत नाइट ही प्रतिमा नव्याने आणलेली नाही, एवढे जोडावेसे वाटते. स्पॅनिश लोक १५१९ मध्ये तिथे उतरले आणि त्यांच्याबरोबर 'मूर (म्हणजे स्पेनमधले मुसलमान) आणि ख्रिस्ती' यांच्या लढाईचे नाच आले. स्पेनमध्ये ज्या लढाया शेकडो वर्षे चालल्या त्यांचे हे सोंग मेक्सिकोतल्या गावागावांत रुजले आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी ते लाकडी मुखवटे घालून नाचले जाते. साकातेकास शहराजवळच्या ब्राचो टेकड्यांवर दर ऑगस्टच्या अखेरीस हजारो लोक सैनिकांचे पोशाख करून ही लढाई दिवसेंदिवस खेळतात. म्हणजे क्रूसधारी योद्धा, मुखवटा, आधीच ठरलेला निकाल आणि तरीही जीव ओतून लढणारे लोक, हे सगळे लुचा लिब्रेच्या कितीतरी आधीपासून त्या मातीत होते.

एल सांतोचे नावच पाहा. सांतो म्हणजे संत. रोदोल्फो गुस्मान उएर्ता हा माणूस १९४२ मध्ये चंदेरी मुखवटा चढवून एल सांतो झाला आणि सुरुवातीची अनेक वर्षे, नाव संताचे असूनही, तो रूडो म्हणून खेळला. त्याचा समकालीन ब्लू डेमन, म्हणजे निळा राक्षस. संत, राक्षस, ड्रॅगन, नाइट : मध्ययुगातल्या चर्चच्या भिंतीवर जी मंडळी रंगवलेली असत तीच मेक्सिकोच्या रिंगणात उतरली आहेत. सांतोने मरणाच्या थोडे आधी, दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात, मुखवटा किंचित वर सरकवून चेहऱ्याचा काही भाग दाखवला. ५ फेब्रुवारी १९८४ रोजी तो गेला, आणि त्याला मुखवट्यासह पुरले.

---

दूरदेशी

मी बॉस्टनच्या त्या लढतीबद्दल लिहितो, कारण नव्वदच्या दशकात केबल टीव्हीवर ही कुस्ती पाहतच आम्ही मोठे झालो आणि ते तीन नाइट कोण होते हा प्रश्न मला लहानपणी खूप छळत असे.

निळ्या मुखवट्याखाली ग्रेग व्हॅलेंटाइन होता. हा साधा माणूस नव्हे. १९८४ मध्ये टिटो सांतानाला हरवून त्याने इंटरकॉन्टिनेंटल पट्टा जिंकला होता आणि पुढे ब्रूटस बीफकेकबरोबर जोडीचा पट्टाही मिळवला होता. तांबड्या मुखवट्याखाली बॅरी हॉरोविट्झ होता आणि काळ्याखाली जेफ गेलॉर्ड. व्हॅलेंटाइनसारख्या मल्लाची चाल, त्याची कोपराची जड थाप, त्याचा पायाचा पेच ही त्याची खरी ओळख होती, आणि नेमकी तीच ओळख त्या निळ्या कापडाखाली झाकली गेली. मुखवट्याने माणूस मोठा व्हायला हवा. इथे तो लहान झाला. तालीमखाना यांनी 'कोठीतून मिळालेले मुखवटे' असे म्हटले आहे, ते मला पूर्ण पटते.

पण लढत म्हणून ती अगदीच टाकाऊ नाही. काळ्या नाइटला ओवेनने बाद केले, तांबड्याला ब्रेटने शार्पशूटर हा पायांचा पेच लावून, निळ्याला पुन्हा ओवेनने तोच शार्पशूटर लावून. म्हणजे तिघांपैकी दोन नाइट धाकट्या ओवेनने घालवले. मग तो ब्रेटवर आदळला, त्या गोंधळात मायकल्सने त्याला चितपट केले, आणि हार्ट घराण्यातला बाद झालेला तो एकटाच ठरला. शेवटी मायकल्स रिंगण सोडून निघून गेला आणि हार्ट बंधू जिंकले. तिघे भाऊ आनंद करत असताना ओवेन परत आला आणि ब्रेटवर संतापला. पुढे जानेवारी १९९४ मध्ये तो उघडपणे ब्रेटवर उलटला आणि २० मार्च १९९४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने मोठ्या भावाला सरळ कुस्तीत हरवले. मला ती लढत गेल्या शतकातल्या उत्तम लढतींपैकी एक वाटते. तिचे बी त्या तीन नाइटांच्या रात्री पडले होते. नाइट निमित्ताला आले आणि भाऊबंदकी मात्र खरी निघाली. भाऊबंदकीला चिलखत लागत नाही, हे आपल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

---

लंगोटबंद

कुस्ती आणि नाइट यांचे नाते आपण सगळे सोंगापुरते पाहत आहोत, म्हणून थोडे मातीकडे नेतो. खरे नाइट खरोखर कुस्ती खेळत. फिओरे देई लिबेरी या इटालियन शस्त्रगुरूने १४१० च्या सुमारास लढाईचे जे सचित्र शिक्षण लिहून ठेवले त्याची सुरुवात तलवारीने होत नाही, ती नि:शस्त्र झोंबीने होते. आधी पकड, तोल, हात मोडण्याचे आणि पाडण्याचे डाव, मग कट्यार, मग तलवार, मग चिलखत, मग घोडा. पंधराव्या शतकातल्या जर्मन परंपरेत ऑट नावाचा एक ज्यू कुस्तीगुरू होऊन गेला आणि त्याचे डाव पुढच्या कित्येक शस्त्रगुरूंनी आपापल्या वह्यांत उतरवून घेतले. याचे कारण अगदी व्यवहारी आहे. पोलादी चिलखतावर तलवारीचा वार घसरतो; म्हणून चिलखतातल्या माणसाला आधी जमिनीवर पाडायचे आणि मग काखेत, मांडीत किंवा मुखपट्टीच्या फटीत कट्यार घालायची.

चिलखत घातलेला नाइट पडला की कासवासारखा उताणा पडून राही, ही समजूतही चुकीची आहे. लढाईतल्या संपूर्ण पोलादी चिलखताचे वजन साधारण वीस ते पंचवीस किलो असे आणि ते अंगभर विभागलेले असे. सराव असलेला माणूस त्यात धावत असे, घोड्यावर चढत असे आणि कुस्तीही खेळत असे.

एक प्रसंग मला फार आवडतो. १५२० च्या जूनमध्ये इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस हे दोन तरुण राजे मोठ्या थाटामाटात भेटले. तिथे हेन्रीने फ्रान्सिसची गळपट्टी धरून कुस्तीचे आव्हान दिले, आणि एका फ्रेंच सरदाराने लिहून ठेवलेल्या आठवणींप्रमाणे फ्रान्सिसने ब्रिटनी प्रांतातला एक डाव टाकून त्याला आपटले. हेन्रीला पुन्हा खेळायचे होते, पण जेवणाची वेळ झाली म्हणून दोघांना सोडवण्यात आले. ही बाब इंग्रज लेखकांनी फारशी नोंदवली नाही, यात आश्चर्य नाही. तेव्हा नाइटचे रूप घेऊन कुस्तीच्या रिंगणात येणारा माणूस इतिहासापासून फारसा दूर गेलेला नाही. तलवार घेऊन आलेला नाइट आपण जितका खरा मानतो तितकाच रिकाम्या हातांनी आलेला खरा आहे.

---

रानवाट

चार दिवस या धाग्यावर यायला जमले नाही, पण मधल्या काळात दोन्ही लढती पाहिल्या. माझे मत पूर्ण बदलले असे म्हणणार नाही. निकाली कुस्तीतला तो श्वास रोखणारा क्षण मला अजूनही वेगळाच वाटतो आणि तो वेगळाच राहील.

परंतु 'मान' या शब्दावर मी अडून बसलो होतो, तो आग्रह सोडतो. मुखवट्याची दोरी मागच्या बाजूला असते हे मला ठाऊक नव्हते. हरलेल्या माणसाला डोक्यामागे हात नेऊन ती गाठ सोडावी लागते आणि ते काम झटक्यात होत नाही. आमच्या तालमीत वस्ताद गेले तेव्हा त्यांच्या पट्टशिष्याने त्यांचा फेटा उतरवून हौद्याच्या कडेला ठेवला होता. त्यालाही तेवढाच वेळ लागला होता. ते आठवले.

बॉस्टनच्या लढतीबद्दल मात्र माझी वेगळी अडचण झाली. तांबडा आणि निळा यांच्यातला फरक मला रंग सोडून काहीच कळला नाही, आणि ते पाहून मला त्या माणसांबद्दलच वाईट वाटू लागले. व्हॅलेंटाइन निदान आधी पट्टे जिंकलेला माणूस होता. दूरदेशी, त्या तांबड्या नाइटचे, हॉरोविट्झचे, पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक असेल तर कृपया लिहावे.

---

दूरदेशी

रानवाट, आनंदाने लिहितो.

बॅरी हॉरोविट्झ हा हरण्यासाठी ठेवलेला मल्ल होता. प्रत्येक संस्थेला अशी माणसे लागतात : त्यांना कुस्ती उत्तम येते, समोरच्याला इजा न होऊ देता ते त्याला मोठे करून दाखवतात, आणि वर्षानुवर्षे दर आठवड्याला पडतात. आपल्याकडे नाटकात ज्याला भरवशाचा नट म्हणतात, तसा. लढत सुरू होण्याआधी तो आपला उजवा हात खांद्यावरून मागे नेऊन स्वतःचीच पाठ थोपटत असे, कारण ती थोपटणारे दुसरे कोणी नव्हते. त्याच्या जाकिटाच्या पाठीवर पंजाचा ठसाही काढलेला होता. ती त्याची स्वतःची गोष्ट होती, त्याला ती कोणी दिलेली नव्हती, आणि लाल मुखवट्याच्या त्या रात्री तीही त्याच्यापासून काढून घेतली गेली होती.

१९९५ च्या जुलैमध्ये स्किप नावाच्या एका तरुण, देखण्या आणि भरपूर गर्विष्ठ दाखवलेल्या मल्लासमोर त्याला नेहमीप्रमाणे उभे केले. स्किप त्याला तुच्छ लेखत जोर मारून दाखवत राहिला, आणि त्या बेसावध क्षणी हॉरोविट्झने त्याला गुंडाळून तीन मोजेपर्यंत धरून ठेवले. इतकी वर्षे पडलेला माणूस जिंकला होता. पंचाने त्याचा हात वर केला तेव्हा त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता असे दिसते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गच्या मोठ्या कार्यक्रमात त्याने स्किपला पुन्हा हरवले. तेव्हा तोंडावर मुखवटा नव्हता, हातात ढाल नव्हती, निवेदकाने त्याचे खरे नाव पुकारले होते, आणि हजारो माणसे त्याच्याबरोबर आपापला हात मागे नेऊन स्वतःची पाठ थोपटत होती.